रिपोर्टात तीन विषाणू, दोषी कोणता?

वाचक विचारतात

या वेळी धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती: कोंबड्यांच्या आतड्यातले विषाणू, त्यांची ओळख आणि त्यांची वर्गवारी. त्यांतले निवडक प्रश्न आणि कुक्कुटरोगतज्ज्ञांची उत्तरे देत आहोत.

आमच्या 6,000 ब्रॉयलर पिल्लांच्या बॅचमध्ये नवव्या दिवसापासून वाढ विषम झाली. काही पिल्ले मुठीएवढीच राहिली, पंखांची पिसे आडवी पसरतात, विष्ठा पातळ आणि नारिंगी. मरतूक फार नाही. खासगी लॅबच्या रिपोर्टात ॲस्ट्रो, रोटा आणि रिओ असे तिन्ही विषाणू ‘पॉझिटिव्ह’ आहेत. नक्की रोग कोणता आणि औषध काय द्यायचे?
— एक कुक्कुटपालक, नवापूर

रिपोर्ट खोटा नसेल, पण तो अर्धाच आहे. हे तिन्ही विषाणू चांगल्या वाढणाऱ्या, अगदी निरोगी बॅचमध्येही सापडतात. त्यामुळे ‘सापडला’ आणि ‘त्यानेच रोग केला’ यांत मोठे अंतर आहे. तुम्ही सांगता ती लक्षणे खुरटेपणाच्या विकाराची, म्हणजे रंटिंग-स्टंटिंगची आहेत. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची वर्णने होत आली, पण त्याचे खापर एकाच विषाणूवर फोडता आलेले नाही. बहुतेक वेळा दोन-तीन विषाणू एकत्र असतात आणि सोबत ब्रूडिंगची, म्हणजे पिल्लांना ऊब देण्यातली, चूक असते.

दोषी ठरवायचा तर लॅबला तीन गोष्टी विचारा. पहिली, त्याच शेडमधल्या त्याच वयाच्या चांगल्या पिल्लांचे नमुने तपासले का? नसतील तर तुलना कशाशी करणार? दुसरी, नुसते ‘पॉझिटिव्ह’ नको, रिअल टाइम पीसीआरचा (विषाणूच्या जनुकद्रव्याच्या प्रती वाढवून त्याला शोधणाऱ्या चाचणीचा) सीटी आकडा द्या, म्हणजे किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला तो आकडा. हा आकडा जितका कमी, तितका विषाणू जास्त, आणि साधारण 3.3 चा फरक म्हणजे दहापट फरक. समजा, खुरट्या पिल्लांत ॲस्ट्रोचा सीटी 18 आणि चांगल्यांत 31 आला, तर खुरट्यांत तो हजारो पटींनी जास्त आहे. रोटाचा सीटी मात्र दोन्हीकडे 27-28 असेल, तर रोटाला सोडून द्या. तिसरी गोष्ट आतड्याच्या काचपट्टीची, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीची. खुरटेपणात आतड्याच्या अस्तरातल्या क्रिप्ट फुगून त्यांच्या गाठी झालेल्या दिसतात आणि बोटांसारखे व्हिलाय आखूड झालेले असतात. ही इजा दिसत नसेल तर पीसीआरचा रिपोर्ट कितीही भरगच्च असला तरी त्याला फार वजन देऊ नये.

विषाणूवर औषध नाही. ॲन्टिबायोटिकने ॲस्ट्रो मरत नाही, रोटाही नाही. जिवाणूंचा दुय्यम संसर्ग पशुवैद्यकाने दाखवून दिला तरच ते द्यावे. त्याआधी एक स्वस्त काम करा. लहान आतड्याचे अस्तर खरवडून काचेवर घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ती हगवणीच्या एकपेशीय जिवांची, म्हणजे कॉक्सिडियाची, अंडी पाहून घ्या. पीसीआरवर हजारो रुपये खर्च करून कॉक्सिडिया बघायचेच राहून गेले, असे फार ठिकाणी होते.

आता पिल्लांचे वजन. 100 पिल्ले एकेक करून तोला. सातव्या दिवशीचे वजन पहिल्या दिवसाच्या निदान चौपट हवे, म्हणजे 42 ग्रॅमचे पिल्लू 170 च्या आसपास. पुढच्या बॅचला हाच आकडा तुम्हाला सर्वांत आधी सावध करेल. अगदीच खुरटलेली पिल्ले दुसऱ्या आठवड्याअखेर काढून टाका. ती पुढे भरून निघत नाहीत, खाद्य खातात आणि विषाणू सोडत राहतात. एकाच हॅचरीतल्या, एकाच ब्रीडर कळपाच्या (अंडी देणाऱ्या आई-बाप कोंबड्यांच्या) पिल्लांत हे पुन्हा पुन्हा होत असेल तर तशी लेखी नोंद पुरवठादाराला द्या. कोवळ्या ब्रीडर कळपाच्या लहान अंड्यांतून आलेली पिल्ले, पहिल्या रात्री ब्रूडर थंड पडणे, दाणा उशिरा मिळणे, खाद्यातली बुरशीची विषे या चार कारणांनीही हेच चित्र दिसते. विषाणू त्यात सापडला तरी तो कधी कधी नुसता प्रवासी असतो.

नमुना नेमका कसा पाठवायचा? मागच्या वेळी मेलेली पिल्ले पिशवीत घालून पाठवली. लॅबने ‘नमुना कुजलेला’ एवढेच कळवले.
— साक्री

आतडे हा अवयव सगळ्यांत आधी सडतो. खानदेशातल्या मे महिन्यात पारा 44-45 वर असताना मेलेल्या पिल्लाचे अस्तर तासाभरात सुटू लागते आणि मग काचपट्टीवर रोगाची इजा कोणती, कुजण्याची कोणती, हे सांगता येत नाही. म्हणून शक्य असेल तर जिवंत पिल्लेच न्या: नुकतीच आजारी पडलेली 5-6 आणि चांगली 5-6, दोन वेगळ्या खोक्यांत. वय 5 ते 14 दिवसांचे असेल तर उत्तम. महिन्याच्या खुरट्या पक्ष्यात इजा जुनी झालेली असते आणि मूळ विषाणू अनेकदा निघूनही गेलेला असतो.

जिवंत नेणे जमत नसेल तर पशुवैद्यकाकडून शेडवरच शवविच्छेदन करून घ्या आणि प्रत्येक पक्ष्याचे दोन संच करा. पहिला फॉर्मलिनचा. पक्षी मारल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत: स्वादुपिंड ज्याच्या मध्ये बसते तो लहान आतड्याचा पहिला वळसा, मधला भाग, शेवटचा भाग, दोन्ही सीका (लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या बंद पिशव्या) आणि गिझर्डच्या वरचे ग्रंथिल जठर. तुकडा चोळायचा नाही, बोटाने पुसायचा नाही. बाजारातले फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिश्रण करा. फॉस्फेटचे क्षार घालून बफर केलेले मिळाले तर अधिक चांगले. द्रव तुकड्यांच्या दहापट हवा. बरणी गच्च भरली की मधले तुकडे न मुरता सडतात. ही चूक नेहमीची. फॉर्मलिनची बरणी बर्फात ठेवायची गरज नाही आणि ती कधीही गोठवू नका.

दुसरा संच पीसीआरसाठी. यासाठी आतड्याचा तुकडा आतल्या द्रवासकट, दोन्ही टोके दोऱ्याने बांधून, घट्ट झाकणाच्या डबीत घ्या. तो 2 ते 8 अंशांत ठेवून 24 तासांत पोहोचवा. त्याहून उशीर होणार असेल तर उणे 20 अंशांना गोठवा, आणि महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर उणे 70 ला. गोठवणे, वितळणे, पुन्हा गोठवणे असे झाले की आरएनए, म्हणजे या विषाणूंचे जनुकद्रव्य, तुटतो. घरच्या फ्रीजमध्ये लोडशेडिंगच्या दिवसांत नमुना ठेवला की नेमके हेच घडते. सुटा बर्फ घालू नका, पाणी होऊन लेबले पुसली जातात. जाड भिंतींचा थर्मोकोलचा डबा, गोठवलेले जेल पॅक, आणि नमुने पॅकला थेट चिकटू नयेत म्हणून मध्ये कागद. फॉर्मलिनची बरणी या डब्यात अजिबात ठेवू नका, ती गळली तर दुसरा संच वाया गेला. नमुना सोमवारी किंवा मंगळवारी रात्रीच्या गाडीने पाठवा. शुक्रवारी पाठवलेला डबा रविवारभर कुठल्या तरी काउंटरवर पडून राहतो.

बर्फाची सोय नसेल तर एफटीए कार्ड, म्हणजे नमुना वाळवून टिकवणारा खास कागद, हा चांगला पर्याय. विष्ठेचा पातळ द्रव वर्तुळात टाकून कार्ड सावलीत पूर्ण वाळवायचे आणि कागदी पाकिटात घालायचे. कार्डावर विषाणूची संसर्गशक्ती संपते, म्हणून वाहतूक सुरक्षित, पण त्याच कारणाने त्यातून विषाणू पुढे वाढवता येत नाही.

आजारी आणि चांगल्या पिल्लांचे नमुने कधीही एकत्र करू नका. पाच आजाऱ्यांचा मिळून एक नमुना (पूल) चालेल. सोबतच्या कागदावर वय, हॅचरी, ब्रीडर कळपाचे वय माहीत असेल तर ते, लसींच्या तारखा, खाद्य बदलल्याची तारीख आणि रोजची मरतूक लिहा. हा कागद नसलेल्या नमुन्याचा रिपोर्ट वाचायला अवघड जातो.

पक्ष्यांना स्पष्ट आजार असूनही पीसीआर ‘निगेटिव्ह’ कसा येतो?
— चोपडा

चार कारणे नेहमी दिसतात. विषाणू सोडण्याचा काळ संपल्यावर नमुना घेतलेला असतो. वाटेत आरएनए तुटलेला असतो. विष्ठेतली पित्तलवणे आणि युरिक आम्ल पीसीआरची एन्झाइमे अडवतात. किंवा प्रायमर, म्हणजे विषाणूचा जनुक पकडणारे छोटे तुकडे, त्या वाणाला नीट बसत नाहीत. आरएनए विषाणू सतत बदलतात, त्यामुळे ॲस्ट्रोच्या बाबतीत शेवटचे कारण चांगलेच खरे ठरते.

लॅबमध्ये एक ग्रॅम विष्ठा नऊ मिलि फॉस्फेट बफरमध्ये कालवतात, सेंट्रिफ्यूजने गाळ खाली बसवतात आणि वरच्या द्रवातून आरएनए काढतात. प्रत्येक नळीत अंतर्गत कंट्रोल (चाचणी नीट चालली हे दाखवणारा, नेहमी पॉझिटिव्ह यायलाच हवा असा नमुना) होता का, तो चालला का, हे विचारा. कंट्रोलही निगेटिव्ह असेल तर तो रिपोर्ट निगेटिव्ह नाही, तो निकामी आहे. अशा वेळी काढलेला आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावला की बहुतेक वेळा अडथळा सुटतो. ऐकायला उलटे वाटते, पण अडवणारी द्रव्ये पातळ होतात म्हणून हे जमते.

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आहे. या विषाणूंचे वर्गीकरण कशावरून करतात? जुन्या पुस्तकात रोटा आणि रिओ एकाच कुळात आहेत, नव्या यादीत वेगळे. गोंधळ होतो.
— जळगाव

गोंधळ पुस्तकाचा नाही, काळाचा आहे. पहिली पायरी जनुकद्रव्याची. डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1971 मध्ये मांडलेली पद्धत विचारते की विषाणूत डीएनए आहे की आरएनए, एकपदरी की दुपदरी, आणि त्यातून संदेशवाहक आरएनए कसा तयार होतो. कोंबडीच्या आतड्यातल्या विषाणूंना ती लावली तर दुपदरी डीएनएचा ॲडिनो, एकपदरी डीएनएचा पार्व्हो, दुपदरी आरएनएचे रोटा आणि रिओ, आणि धन एकपदरी आरएनएचे ॲस्ट्रो, पिकोर्ना, कॅलिसी आणि कोरोना असे गट पडतात.

कुळे, प्रजाती ठरवण्याचे काम विषाणू वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती करते. जुने रिओव्हिरिडी हे कुळ तिने 2022 मध्ये दोन भागांत वाटले. ज्यांच्या कणाच्या गाभ्यावर मनोऱ्यासारखे उंचवटे असतात ते स्पिनारिओव्हिरिडी, त्यात कोंबडीचा ऑर्थोरिओ. ज्यांचा गाभा गुळगुळीत ते सेडोरिओव्हिरिडी, त्यात रोटा. दोन्ही कुळे रिओव्हिरालीस या एकाच गणात आहेत, म्हणून तुमचे जुने पुस्तक अगदीच चुकलेले नाही. परीक्षेत कोणते लिहायचे ते सरांना विचारा. लेख लिहायचा असेल तर नवे नाव वापरा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना आकार आणि माप कामी येते. पार्व्हो 20 ते 25 नॅनोमीटर, ॲस्ट्रो 28 ते 30, रोटा 70 ते 75 आणि चाकासारखा (लॅटिनमध्ये ‘रोटा’ म्हणजे चाकच), ॲडिनो 70 ते 90 आणि वीस त्रिकोणी बाजूंचा, कोरोना 80 ते 120 आणि कडेने गदेसारखे काटे. पण या पद्धतीला नमुन्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख कण तरी लागतात आणि छोट्या गोल कणांच्या बाबतीत ती फसते. ॲस्ट्रोची ओळख असलेली चांदणीसारखी आकृती थोड्याच कणांवर दिसते, बाकीचे नुसते गोल. कोंबडीच्या मूत्रपिंडाला इजा करणारा नेफ्रायटिस विषाणू वर्षानुवर्षे पिकोर्ना समजला गेला तो यामुळेच. त्याची जनुकरचना वाचल्यावर 2000 मध्ये तो ॲस्ट्रो ठरला.

रोटाचे सर्वांत देखणे काम जेलवर होते आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही ते जमू शकते. रोटाचा जीनोम 11 तुकड्यांचा, कोंबडीच्या रिओचा 10 तुकड्यांचा. विष्ठेतून आरएनए काढून 7.5 ते 10 टक्के पॉलिॲक्रिलामाइड जेलवर रात्रभर चालवायचा आणि चांदीच्या क्षाराने रंगवायचा. रिओचे पट्टे तीन मोठे, तीन मध्यम, चार लहान असे येतात. सस्तन प्राण्यांच्या ‘ए’ गटाच्या रोटाची मांडणी 4:2:3:2, पक्ष्यांच्या ‘ए’ गटाची 5:1:3:2, आणि ‘डी’ गटाची 5:2:2:2. पट्टे मोजताना दोन तुकडे एकावर एक बसले तर 11 ऐवजी 10 दिसतात आणि विद्यार्थी घाईने रिओ लिहून मोकळा होतो. म्हणून संख्या मोजण्याआधी मांडणी पाहावी. शिवाय विषाणू भरपूर असेल तरच पट्टे उमटतात. कोरे जेल म्हणजे विषाणू नाही, असे नव्हे.

रोटाचे गट आतल्या व्हीपी6 प्रथिनावरून पडतात. पक्ष्यांत ए, डी, एफ आणि जी हे गट सापडतात. गटाच्या आत बाहेरच्या व्हीपी7 आणि व्हीपी4 वरून जी आणि पी प्रकार ठरतात. ‘जी’ गट आणि ‘जी’ प्रकार वेगळे, हे लक्षात ठेवा. रिओचे वाण सिग्मा-सी प्रथिनाच्या जनुकावरून, ॲडिनोचे हेक्सॉन जनुकावरून (ए ते ई या पाच प्रजाती, 12 सीरोटाइप), आणि ॲस्ट्रोचे कवचाच्या प्रथिनावरून वेगळे करतात. ॲस्ट्रो ‘आहे का’ हे शोधताना मात्र पॉलिमरेज जनुक वापरतात, कारण तो भाग फारसा बदलत नाही. ओळख पटवायची तर न बदलणारा भाग धरायचा, वाण ठरवायचा तर बदलणारा.

मेडिकल दुकानात मिळणारी लहान मुलांच्या रोटाची किट कोंबडीच्या विष्ठेवर चालेल का?
— अमळनेर

भरवसा ठेवू नका. ती ‘ए’ गटाचे व्हीपी6 पकडण्यासाठी बनवलेली असते. पक्ष्यांतला ‘डी’ गट तिला दिसतच नाही.

गावरान कोंबड्या हिरवी हगवण करतात, दोन दिवसांत मान वाकडी होते आणि मरतात. हाही आतड्याचाच विषाणू का?
— यावल

ही लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेतची आहेत. तिचा विषाणू पॅरामिक्सो कुळातला. काही जहाल वाण आतड्यात आणि ग्रंथिल जठरात रक्तस्राव करतात, म्हणून हगवण दिसते, पण त्याला आतड्यापुरता विषाणू म्हणता येणार नाही. उरलेल्या निरोगी पक्ष्यांच्या लसीकरणासाठी आजच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. ॲस्ट्रो-रोटाचा विचार याच्या नंतर.

आणि एक अट सगळ्यांसाठी. पक्षी अचानक, मोठ्या संख्येने मरत असतील, तुरे निळे पडत असतील, तर एकही पक्षी कापू नका, उचलून नेऊ नका. भारतातली बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नवापूरची आहे, तेव्हा खानदेशात हे निराळे समजावून सांगायला नको. पशुसंवर्धन विभागाला कळवा. नमुने घेणे आणि भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवणे हे त्यांचे काम.

पहिल्या आठवड्यातच पिल्ले मरतात. हृदयावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. उन्हाळ्यातच जास्त. पाणी कारण की विषाणू?
— पाचोरा

हा थर युरेट क्षारांचा, रोगाचे नाव गाउट. मूत्रपिंड निकामी झाले की तो साठतो, मग निकामी कशानेही होवो. कोंबडीचा ॲस्ट्रो, नेफ्रायटिस विषाणू आणि इन्फेक्शियस ब्राँकायटिसचे काही वाण मूत्रपिंडावर हल्ला करतात. भारतात ब्रॉयलर पिल्लांच्या गाउटशी ॲस्ट्रोचा संबंध 2013 मध्ये संशोधकांनी दाखवला. पण हॅचरीतून निघालेली पिल्ले दुपारच्या उन्हात आठ-दहा तास प्रवास करून आली आणि पाण्यावाचून राहिली तरी हाच थर दिसतो. खाद्यात कॅल्शियम जास्त झाले तरीही.

निवाडा असा करा. मरतूक पहिल्या तीन-चार दिवसांतच होऊन थांबली तर प्रवास आणि पाणी तपासा. चौथ्या दिवसानंतर वाढत गेली, आणि त्याच हॅचरीची पिल्ले घेतलेल्या दुसऱ्या शेडमध्येही तेच असेल, तर मूत्रपिंडाचे तुकडे फॉर्मलिनमध्ये आणि जेल पॅकसोबत थंड, असे दोन्ही प्रकारे पाठवा. गाउटमध्ये नुसते आतडे पाठवून उपयोग नाही.

शेडमध्ये फिनेल मारतो, शिवाय फॉर्मलिनची धुरी देतो. तरी पुढच्या बॅचला तोच त्रास.
— शहादा

आतड्यातल्या बहुतेक विषाणूंना चरबीचे आवरण नसते. कोरोना हा मोठा अपवाद. आवरण असलेला विषाणू साबणानेही मोडतो, पण ॲस्ट्रो, रिओ, पार्व्हो साध्या फिनेलला सहज जुमानत नाहीत. अमोनियमची चतुर्थक संयुगे एकटी वापरली तर त्यांच्यावर कमी पडतात, आणि कडक पाण्यात त्यांचा जोर आणखी घटतो. जाळीच्या उघड्या शेडमध्ये धुरी धरतच नाही. वायू पाच मिनिटांत बाहेर जातो आणि तुमचे डोळे तेवढे चुरचुरतात.

क्रम महत्त्वाचा. जमिनीवर अंथरलेला जुना तूस किंवा टरफले पूर्ण बाहेर काढून शेडपासून लांब ढिगात कुजवा. मग कोरडे झाडणे, डिटर्जंटच्या पाण्याने घासून धुणे, आणि पूर्ण वाळल्यावरच निर्जंतुक. विष्ठेच्या थरावर मारलेले क्लोरीन विष्ठेतच खपते. ग्लुटरअल्डिहाइड असलेले किंवा पेरॉक्सिमोनोसल्फेटचे द्रावण डब्यावरच्या प्रमाणात घ्या, फरशी भिजलेली निदान दहा मिनिटे राहू द्या. भर दुपारी मारलेले द्रावण दोन मिनिटांत वाळते, म्हणून संध्याकाळी मारा. शेवटी जमिनीला चुना, आणि शेड दोन आठवडे रिकामे.

पाण्याची लाइन विसरू नका. 1,000 लिटरच्या टाकीत 33 टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर 10 ग्रॅम टाकली की सुमारे 3 पीपीएम मिळते. शेवटच्या निपलला (पक्षी पाणी पितात त्या तोटीला) क्लोरीन मोजा, टाकीत मोजून कळत नाही. पावडरची पिशवी उन्हाळ्यात उघडी राहिली तर तिची ताकद उतरते. पाण्यातून जिवंत लस द्यायची असेल तर 48 तास आधी क्लोरीन बंद.

अशा बॅचचे चिकन खाणे सुरक्षित आहे का?
— मुक्ताईनगर

ॲस्ट्रो, रिओ, पार्व्हो हे कोंबडीचे विषाणू शिजवलेल्या चिकनमधून माणसाला बाधत नाहीत. कच्चे मांस हाताळल्यावर हात आणि पाट साबणाने धुवा, पण ते साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंसाठी, आणि ते निरोगी दिसणाऱ्या कोंबडीतही असू शकतात.